आत्याची गाठ आणि माझे अकरा दिवस

हैदराबादेच्या कॉलेजात मला सगळ्यांत जास्त गुण मिळाले ते एका चित्राला. कांद्याच्या मुळाच्या टोकाचं चित्र होतं ते. पाण्याच्या ग्लासावर कांदा ठेवायचा, दोन-तीन दिवसांनी पांढरी मुळं फुटली की टोक कापायचं, लाल रंगात बुडवायचं, काचेवर अंगठ्यानं चिरडायचं आणि खुर्दबिनीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, धरायचं. मग विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसायच्या. आमचं शिक्षण उर्दूत होतं, तिथं पेशीला खलिया म्हणत. पेशी हा शब्द मला पुष्कळ वर्षांनी, स्वतः शिकवायला लागल्यावर भेटला. एखाद्या पेशीत बारीक धागे मधोमध ओळीनं उभे असत, दुसरीत ते दोन बाजूंना ओढले गेलेले असत, तिसरीत मध्ये भिंत पडायला लागलेली असे. पेन्सिल तासून तासून मी ते सगळं काढलं. प्रोफेसरांनी माझी वही वर्गाला दाखवली. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ती पाहिली की माझं डोकं तापतं.

कारण आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा हिवतापानं गेला आणि ती माहेरी आली. आमच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती, दोन ठिकाणांहून विचारणाही झाली. तिनं नको म्हटलं आणि मेंढरांमागं जायला लागली. साखरा गावाच्या बाजूच्या माळांवर बाईमाणूस कळप घेऊन एकटी हिंडते हे लोकांना आधी खटकलं, मग सवयीचं झालं. मला हिंगोलीच्या शाळेत ठेवायचं निघालं तेव्हा मेंढरांमागचं एक माणूस कमी होणार होतं. मेंढरं कोण पाहील, असं वडिलांनी विचारलं. ती म्हणाली, "मी हाय की." तेवढ्यावर मी शाळेत गेलो.

वडिलांचेही उपकार आहेत आणि ते मी नाकारत नाही. भावकी त्यांना पारावर टोचून बोलायची. मेंढरंवाल्याचं पोरगं शिकून करणार काय, मेंढरं फारसीत हाकणार का, असं विचारून हसायची. वडील खाली मान घालून लोकर कातरत राहायचे आणि दर सुटी संपली की मला गाडीवर बसवून द्यायचे. त्यांच्या समोर मी कधी मोठ्यानं बोललो नाही. हे मी गुण म्हणून सांगत नाही.

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी घरी आलो होतो. भर दुपारी मेंढरं विहिरीजवळच्या बाभळींखाली एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. आत्या आणि मी बाजूला बसलो होतो. तिनं मला विचारलं की तिकडं एवढ्या लांब जाऊन तू शिकतोस तरी काय. मी काटकी घेतली आणि धुळीत चौकोन काढला. त्याच्या मधोमध रेघ मारली. मग दोन चौकोन, मग चार, मग आठ. झाड असो, माणूस असो की मेंढी, सगळं अंग अशा बारीक खणांचं असतं, डोळ्याला दिसत नाही इतक्या बारीक, आणि एकाचे दोन होत होतच अंग वाढतं, असं मी तिला सांगितलं.

"म्हंजी मेंढी जनलीच न्हाई, नुसती उभी चिरून दोन मेंढ्या झाल्या, असं?"

"व्हय. तसंच."

ती हसली. असं असतं तर लांडग्यांची चंगळ झाली असती, म्हणाली. मग धुळीतल्या शेवटच्या आठ चौकोनांवर तिनं बोट फिरवलं.

"आन मंग थांबतं कवा?"

कोकरू मेंढीएवढं झालं की थांबतं, असं मी म्हणालो.

"त्याला थांब म्हणून कोन सांगतं?"

ते पुस्तकात नव्हतं. मी तसं सांगितलं.

"आन यखाद्यानं न्हाई ऐकलं तर? वाढतच ऱ्हायलं तर?"

"असं व्हत न्हाई, आत्या. अंगाला अक्कल असते."

हे वाक्य मी बोललो. वीस-एकवीस वर्षांचा होतो, पहिल्या नंबरची वही ट्रंकेत होती, आणि ज्या बाईनं माझ्या वाट्याची मेंढरं दहा वर्षं राखली तिला मी अंगाच्या अकलेवर व्याख्यान दिलं. तिनं पदर सारखा केला आणि उठून मेंढरं पाण्यावर घेतली. त्या दिवशी तिच्या डाव्या छातीत चिंचोक्याएवढी गाठ होती. दोन महिन्यांपासून होती. तिनं ती कुणालाही सांगितली नव्हती. घरात एकच माणूस शिकून आलेलं होतं, त्याला तिनं आडून विचारून पाहिलं. मला ते कळलं नाही.

तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. म्हणजे मला उत्तर आलं नाही हे राहिलं. कॉलेज सुरू झाल्यावर मी प्रोफेसरांना विचारलं. चांगला माणूस होता, मला कपाटातून जाड पुस्तक काढून दिलं आणि म्हणाला, "ये इम्तिहान में नहीं आता, मियाँ." त्या पुस्तकात सरतान, म्हणजे कर्करोग, या रोगावर पानभर मजकूर होता. एखादी पेशी थांबायचं सोडते, दोनाच्या चार, चाराच्या आठ होत राहते, तिची गाठ होते. गाठ सुरुवातीला दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. लवकर कापून काढली तर तो वाचू शकतो. उशीर झाला तर ती जवळच्या गाठींत आणि पुढं सगळीकडे पसरते. मी ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या सुटीत आत्याला सांगून चकित करायचं होतं.

दिवाळीला मी घरी गेलो नाही. अभ्यास होता. त्याच दिवाळीत अभ्यंगाच्या वेळी आत्याच्या पाठी-कुशीला तेल लावताना आईच्या हाताला गाठ लागली. आईनं वडिलांना सांगितलं, वडिलांनी काकांना. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, भावकीत मेंढरांचे वैद्य. कोकरू मेलं आणि मेंढीचं दूध पिऊन झालं नाही की तिची कास घट्ट होते, तापते, त्याला आमच्याकडे दगडी म्हणतात. काका त्यावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचे आणि पुष्कळ मेंढ्या बऱ्याही व्हायच्या. त्यांनी आत्याला न पाहताच सांगितलं की ही दगडी आहे. लेकरू झालं नाही, दूध आतल्या आत गोठलं.

कुठलं दूध? जिला मूल झालं नाही, जिला नवरा जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली, तिच्या छातीत दूध आलं कधी आणि गोठलं कधी? शंभर मेंढ्यांची कोणती कधी जनली हे तोंडपाठ असलेल्या या माणसांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही. मेंढीच्या बाबतीत पडला असता. गाभण न राहिलेल्या मेंढीची कास दगडावली म्हणून कुणी सांगितलं असतं तर काकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

बाईला मेंढीसारखा लोखंडाचा डाग देऊ नये एवढं ठरलं, म्हणून बिब्बा घालायचं ठरलं. भावानं बहिणीच्या अंगाला हात लावायचा नाही, म्हणून शेजारची एक म्हातारी बोलावली. आत म्हातारी तापलेल्या सुईनं बिब्ब्याचं तेल गाठीभोवती गोल लावत होती आणि बाहेर उंबऱ्याशी काका बसून, अजून वर घे, अजून जरा वर, असं आत न बघता सांगत होते. हे आईनं मला सांगितलं. एकदा नाही, तीन अमावास्यांना तीनदा. कातडी फोडांनी भरली, फुटली, पिकली. कडूलिंबाच्या पाण्यानं धुवायचं, राख टाकायची, बरं व्हायची वाट पाहायची. आईनं एकदा डाक्टराचं नाव काढलं. काका म्हणाले, बाईमाणसाचं अंग परक्या पुरुषापुढं उघडं करायचं का, भावकीत तोंड दाखवायला जागा राहील का. वडील उठून मेंढरांकडे गेले.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात शेवटची परीक्षा देऊन, महिनाभर हैदराबादेतच थांबून मी निघालो. पूर्णेला गाडी बदलून हिंगोली, तिथून बैलगाडी. घरात पाऊल टाकलं तेव्हा आतल्या खोलीतून वास आला. मेंढरांच्या घरात वाढलेल्या माणसाला सडलेल्या जखमेचा वास ओळखावा लागत नाही. आई मला परसात घेऊन गेली आणि वर लिहिलं ते सगळं तिनं तिथं सांगितलं. मी आत जाऊन आत्यापुढं बसलो. ती हातानं वारा घेत होती, डावा हात अंगापासून थोडा लांब धरून. मी काय झालं म्हणून विचारलं, ती म्हणाली दगडी झाली म्हणतात. आणि मला त्याच क्षणी कळलं. पुस्तकातला सगळा मजकूर, ओळीनं, मला आठवत होता.

संध्याकाळी मी वडिलांना म्हणालो की आत्याला दवाखान्यात न्यायला हवं. काका तिथंच होते. "बघा, दादा," ते वडिलांना म्हणाले, "पोरगं चार बुकं वाचून आलं, आता तुमाला दगडी शिकवून राहिलं." वडील हसले. मोठ्यानं नाही, भावाचं मन राखायला हसतात तेवढं. आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी निकालाचं पत्र आलं. मी पास झालो होतो. आमच्या भावकीत, आमच्या गावात, आजूबाजूच्या पाच-सात गावांत मी पहिला बी.एस्सी. वडिलांनी गावभर गूळ वाटला. पारावर पाटलांनी मला फेटा बांधला. कळमनुरीपासून पाव्हणे आले, आखाडा बाळापूरहून आईचे मावसभाऊ आले, ज्यांनी फारसीत मेंढरं हाकायचं म्हटलं होतं तेही आले आणि मला अहो-जाहो करून गेले. वडील प्रत्येकाला मला दाखवत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यापुढं, तुम्ही बहिणीला मारून राहिलात, असं म्हणायचं मला झालं नाही. रोज सकाळी ठरवायचो, रोज कुणीतरी नवीन पाव्हणा यायचा, रोज मी पाया पडायचो. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलेलं असायचं, वास बाहेर येऊ नये म्हणून. असे अकरा दिवस.

लोक याला संस्कार म्हणतात. वडिलांचे उपकार, वडीलधाऱ्यांचा मान. मी याला भित्रेपणा म्हणतो. काकांना तरी माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

अकराव्या दिवशी मी तिला भाकरी द्यायला गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं भाकरी बाजूला ठेवली.

"ते धुळीत काढलं व्हतं ना तू. एकाचे दोन, दोनाचे चार. ते माज्यात हाय का?"

मी हो म्हणालो.

"कवा कळलं तुला?"

"आलो त्याच दिशी."

ती रडली वगैरे नाही. तिचा आवाज मेंढी वाट सोडून पिकात शिरली की व्हायचा तसा झाला.

"मंग गप काहून बसलास, लेकरा? अकरा दिस फेटा बांधून हिंडून राहिलास, आन मी हितं सडून राहिले."

ती उठली, भिंत धरून, आणि ओसरीवर आली. तिथं वडील, काका आणि दोन पाव्हणे बसले होते. ती वडिलांना म्हणाली, गाडी जुंप, मला नदीपल्याड वऱ्हाडात दवाखान्यात जायचंय. काकांनी लोक काय म्हणतील म्हणून सुरू केलं. ती म्हणाली, "लोकाला सांग, दगडी झाल्याली मेंढी खाटकाकडं नेली." पाव्हण्यांनी माना खाली घातल्या. वडील जागचे हलले नाहीत. बैल मी आणले.

गाडीत गवत, त्यावर घोंगडी, त्यावर आत्या, शेजारी आई. पैनगंगेला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. अलीकडच्या करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गाडीत काय माल आहे विचारलं. आत्या पडल्या पडल्या म्हणाली, "एक बाई हाय, अर्धी खराब. लागतो का कर?" शिपाई नाक धरून मागं सरला आणि हातानं जा म्हणाला. आई तोंडाला पदर लावून रडत होती. आत्या दात आवळून पडली होती, प्रत्येक खड्ड्याला तिचा हात घोंगडीत रुतत होता.

दीड दिवसानं आम्ही वऱ्हाडातल्या एका मोठ्या गावच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी जखम उघडली आणि हा जाळण्याचा उद्योग कोणत्या गाढवानं केला म्हणून ओरडले. मग माझ्याकडे वळून तू कोण म्हणून विचारलं. भाचा, मी म्हणालो, आणि कुणास ठाऊक का, बी.एस्सी. झालो आहे हेही सांगितलं. विषय कोणता, त्यांनी विचारलं. जीवशास्त्र. ते वळून हात धुवायला लागले. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

छाती काढावी लागेल, काखेत गाठी लागतायत, वर्षभरापूर्वी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं त्यांनी सांगितलं. कागदावर नवऱ्याचा किंवा भावाचा अंगठा हवा होता. नवरा नाही, भाऊ आलेला नाही. मग तू सही कर, डॉक्टर मला म्हणाले. मी टाक हातात घेतला.

"त्याला नगा विचारू," आत्या म्हणाली. "अंग माजं हाय. बोट माजं घ्या."

डॉक्टरांनी शाईची डबी तिच्यापुढं सरकवली. तिनं अंगठा इतका दाबला की कागद फाटला. दुसरा आणावा लागला.

ती वाचली, म्हणजे त्या उन्हाळ्यात वाचली. परत आल्यावर चार-पाच महिने माळावरही गेली, डावा हात वर होत नव्हता तरी. माझ्याशी बोलायची, पण पूर्वीसारखी नाही. मला शिकवलं याचा तिला पश्चात्ताप झाला असं ती कधी म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. मग तिला खोकला लागला, पाठीचं हाड दुखायला लागलं, आणि अठ्ठेचाळीसच्या वैशाखात ती गेली.

तेराव्याला अंगणात भावकी जेवायला बसली होती. बाया दाराच्या आत होत्या. काका हात धुऊन लोकांना समजावून सांगत होते की लोखंड लागलं की असली गाठ चवताळते, घरात ठेवली असती तर बाई अजून दहा वर्षं जगली असती, कापलं म्हणून गेली. लोक माना हलवत होते. पुढच्या गाठीला हेच उत्तर मिळणार होतं, गावोगाव, आत्याचं उदाहरण देऊन. ते मला दिसत होतं.

"कापलं म्हणून न्हाई," मी म्हणालो. "उशीर केला म्हणून गेली. बिब्बे घालून तुमी उशीर केला. आन मला ठाव असून अकरा दिवस मी केला."

शिकलेल्या माणसानं वडीलधाऱ्यांना असं बोलू नये, कुणीतरी म्हणालं. वडील पानावर बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"बोलू द्या त्याला," ते म्हणाले. "अकरा दिस त्याचे असतील. सहा म्हैने माजे हायेत."

वडिलांनी आपली चूक कबूल केली की माझा राग उतरेल असं मला वर्षभर वाटत होतं. उतरला नाही. त्यांचा नाही, काकांचा नाही, माझा स्वतःचा तर नाहीच.

दाराच्या आतून काकांची थोरली सून म्हणाली, अंगणात ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "भावजी, दुखत नसली तरी दाखवायची का गाठ?"

"दुखत न्हाई म्हणूनच दाखवायची," मी म्हणालो. "आजच."

काका उठले, काहीतरी म्हणायला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खाली बसा म्हणालो आणि बैल आणायला गेलो.